चिमुकल्यांचे शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम: गोव्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी बालवाडीत मी शिकवते. पालकसभेत अभ्यासाचं बोलणं दहा मिनिटांत संपतं आणि मग गाडी टीव्ही-मोबाईलवर येते. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी टीव्हीवर शिक्षणाचे कार्यक्रम कधी सुरू झाले, त्यांतून मुलं खरंच शिकली का, आपल्याकडे असं काही का झालं नाही, हे विचारणारे आईबाप मला आवडतात. त्यांच्यासाठी हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

अजून शाळेत जायचं वय न झालेल्या मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम पहिल्यांदा कुठे सुरू झाले?

इंग्लंड आणि अमेरिकेत, साधारण एकाच सुमारास. बीबीसीवर जुलै १९५० मध्ये ‘अँडी पँडी’ आला. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली ती दोऱ्यांची बाहुली होती आणि नाचवणाऱ्या दोऱ्या पडद्यावर स्पष्ट दिसायच्या. १९५३ पासून असे छोटे कार्यक्रम ‘वॉच विथ मदर’ या नावाखाली दाखवले जाऊ लागले. मूल एकटं बसणार नाही, शेजारी आई असेल, हे त्यात आधीच गृहीत धरलेलं होतं.

अमेरिकेत १९५२ मध्ये शिकागोहून ‘डिंग डाँग स्कूल’ सुरू झालं. फ्रान्सिस हॉरविच नावाच्या बाई हातातली घंटा वाजवून समोर यायच्या, कॅमेऱ्यात बघून प्रश्न विचारायच्या आणि मग थांबायच्या. घरातलं मूल उत्तर देईल म्हणून. कार्यक्रम संपत आला की त्या मुलांना सांगायच्या, आता आईला बोलवा. शेवटची काही मिनिटं आईशी बोलण्यासाठी राखलेली असायची: आज काय केलं, घरात कुठलं सामान हाताशी ठेवायचं, मुलाला काय करू द्यायचं. सत्तर वर्षांपूर्वीच्या या बाईंना जे उमगलं होतं, ते आजच्या अनेक रंगीबेरंगी वाहिन्यांना उमगलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जपानमध्ये तिथल्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९५९ मध्ये ‘ओकासान तो इश्शो’ सुरू केला. त्यातही आई आणि मूल बरोबर बसतील अशीच कल्पना होती. तो अजून चालू आहे.

सगळेजण ‘सेसमी स्ट्रीट’चंच नाव का घेतात?

कारण त्याआधी कोणी एवढं तपासून कार्यक्रम बनवला नव्हता.

सुरुवात १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका जेवणाच्या निमित्ताने झाली. टीव्हीवर काम करणाऱ्या जोन गँझ कूनी आणि कार्नेगी प्रतिष्ठानातले मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉरिसेट यांच्यात तिथे बोलणं निघालं. गरीब वस्तीतली मुलं पहिलीत येतात तेव्हाच मागे पडलेली असतात, आणि त्याच मुलांच्या घरी टीव्ही मात्र तासन् तास चालू असतो. मग त्या टीव्हीलाच कामाला लावलं तर? कार्नेगी, फोर्ड प्रतिष्ठान आणि सरकार यांनी मिळून सुमारे ८० लाख डॉलर उभे केले. १९६८ च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे जेराल्ड लेसर यांनी शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, लेखक आणि चित्रकार यांना एकत्र बसवून मुलांनी नेमकं काय शिकावं ते ठरवलं. अक्षरं, आकडे, वर-खाली, जवळ-दूर, वस्तूंची वर्गवारी, दुसऱ्याच्या नजरेतून बघणं. १० नोव्हेंबर १९६९ ला पहिला भाग लागला. पहिल्या वर्षी एकेका तासाचे १३० भाग झाले.

त्यांची तपासणीची पद्धत बघण्यासारखी होती. एडवर्ड पामर नावाचे संशोधक मुलाला टीव्हीसमोर बसवायचे आणि टीव्हीच्या बाजूलाच दुसरा छोटा पडदा ठेवायचे. त्या पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी नवं चित्र यायचं: मासा, इंद्रधनुष्य, रस्ता, काहीही. मुलाचे डोळे कुठे आहेत याची नोंद ठेवली जायची. टीव्हीवर चाललेल्या तुकड्यात मूल चित्राकडे वळलं तर तो तुकडा फसला. कुठल्या क्षणाला फसला हेही कळायचं. मग तो दुरुस्त करायचा किंवा टाकून द्यायचा. कलाकार कितीही मोठा असला तरी निर्णय चार वर्षांच्या पोराच्या नजरेचा.

याच तपासणीने कार्यक्रमाचा चेहरा बदलला. जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फियात नमुन्याचे पाच भाग दाखवले. तज्ज्ञांनी आधी बजावलं होतं की खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. म्हणून कार्यक्रमातल्या गल्लीत घडणाऱ्या प्रसंगांत फक्त माणसं होती. मुलांनी त्या प्रसंगांकडे पाठ फिरवली. जिम हेन्सन यांच्या बाहुल्या आल्या की पुन्हा डोळे पडद्यावर. तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बाहुल्यांना गल्लीत आणलं गेलं. आठ फुटांचा पिवळा पक्षी बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर यांची जागा तिथे अशी पक्की झाली.

पण मुलं खरोखर शिकली का? की नुसती करमणूक?

शिकली. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने पहिल्याच वर्षी मोजणी केली. जी मुलं जास्त वेळा बघत होती, ती अक्षरं-आकड्यांत जास्त पुढे गेली होती. त्यातही ज्यांची आई सोबत बसून दाखवलेल्या गोष्टींविषयी बोलत होती, त्यांची प्रगती उठून दिसली.

पुढे २०१५ मध्ये मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगळा मार्ग काढला. त्या काळी अमेरिकेत काही भागांत ‘सेसमी स्ट्रीट’ दाखवणाऱ्या वाहिनीचं चित्र स्वच्छ दिसायचं, काही भागांत जेमतेम. मुलाचा जन्म कुठे झाला यात त्याचा स्वतःचा काहीच हात नसतो. दोन्ही भागांतल्या मुलांची शाळेतली वाटचाल त्यांनी ताडून पाहिली. जिथे चित्र स्वच्छ दिसत होतं, तिथली मुलं वयाला योग्य त्या इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७५ मध्ये थॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले. त्यांचं म्हणणं असं, की कार्यक्रम सगळ्यांना उपलब्ध असला तरी सुशिक्षित घरातली मुलं तो जास्त बघतात, म्हणून दरी कमी होण्याऐवजी वाढूही शकते. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. मोफत मिळणारी गोष्ट सगळ्यांपर्यंत सारखी पोचतेच असं नाही. पालकसभेला कोण येतं आणि कोणाला कामावरून सुटी मिळत नाही, हे बघितलं की ते पटतं.

सगळ्या देशांनी ‘सेसमी स्ट्रीट’ डोक्यावर घेतलं का?

नाही. अमेरिकेतच मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने मे १९७० मध्ये ते दाखवायला नकार दिला, कारण त्यात काळी-गोरी माणसं एका गल्लीत शेजारी म्हणून राहत होती. ओरड झाल्यावर महिन्याच्या आत तो निर्णय फिरवावा लागला.

बीबीसीचा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. तिथल्या मुलांच्या विभागाच्या प्रमुख मोनिका सिम्स यांना ते शिकवणं हुकमी वाटलं: हे बरोबर, ते चूक, पाठ कर. त्यांच्याकडे एप्रिल १९६४ पासून ‘प्ले स्कूल’ होतं. संथ चाल, एक-दोन माणसं, काही खेळणी, आणि गोल, चौकोनी किंवा कमानीच्या खिडकीतून बाहेरचं जग. आज कुठली खिडकी उघडणार याचा अंदाज मुलांनी बांधायचा. निवेदकाने ‘मुलांनो’ न म्हणता समोर एकच मूल आहे असं समजून बोलायचं. ऑस्ट्रेलियाने १९६६ मध्ये ते स्वतःच्या पद्धतीने सुरू केलं आणि तिथे ते आजही चालतं.

या वादात मी कोणाच्या बाजूची? वर्गात दोन्ही लागतात. अक्षरओळख ठेक्यात, गाण्यात पटकन होते. गोष्ट मात्र सावकाश सांगावी लागते.

मिस्टर रॉजर्स कोण?

फ्रेड रॉजर्स. त्यांचा ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ १९६८ मध्ये अमेरिकाभर सुरू झाला आणि २००१ पर्यंत चालला. ते आत यायचे, कोट काढून स्वेटर घालायचे, बूट बदलायचे, आणि मग बोलायला लागायचे. अक्षरं-आकडे त्यांनी फारसे शिकवले नाहीत. राग आला तर काय करायचं, घरातलं माणूस वारलं तर काय वाटतं, न्हाव्याची किंवा डॉक्टरची भीती, आईबाबा वेगळे झाले तर, असे विषय त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर मांडले. मे १९६९ मध्ये सरकार सार्वजनिक टीव्हीचा पैसा कापायला निघालं होतं. सिनेटर जॉन पॅस्टोर यांच्या समितीसमोर रॉजर्स काही मिनिटं बोलले, रागावर लिहिलेल्या स्वतःच्या गाण्याच्या ओळी म्हणून दाखवल्या आणि पॅस्टोर म्हणाले, तुम्ही दोन कोटी डॉलर मिळवलेत.

शैक्षणिक म्हणजे फक्त एबीसीडी असं वाटणाऱ्या प्रत्येक पालकाने त्यांचा एक तरी भाग बघावा.

भारतात सुरुवात कशी झाली?

टीव्ही दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला आला आणि १९६१ मध्ये दिल्लीतल्या शाळांसाठी धडे सुरू झाले. ते मोठ्या मुलांचे होते. मोठी झेप घेतली ती ‘साइट’ या उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही पोचवण्याच्या प्रयोगाने, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. नासाचा उपग्रह, इस्रोची यंत्रणा, सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी. गावात जाळीच्या तारेची मोठी छत्री उभारायची आणि शाळेत किंवा पंचायतीत टीव्ही ठेवायचा. सकाळी मुलांसाठी दीड तास, तो चार भाषांत वाटलेला, म्हणजे एका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. वयोगट ५ ते १२.

त्याच सुमाराची, १९७४ ची, ‘एक अनेक और एकता’ ही छोटी चित्रफीत अनेकांना पाठ असेल. ती दिग्दर्शित करणाऱ्या विजया मुळे मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई. चित्रांकन भीमसैन यांचं. झाडाखाली बसलेली मुलं, मोठी ताई, जाळं घेऊन उडणारी पाखरं, एवढ्यावर ‘एक’ आणि ‘अनेक’ ही अवघड कल्पना पाच वर्षांच्या मुलाला कळते. मी ती वर्गात दाखवते. मुलं नंतर अंगणात जाळं धरून उडायचा खेळ आपणहून खेळतात.

१९८० च्या दशकात इन्सॅट उपग्रह आले. दिल्लीला एनसीईआरटीच्या छत्राखाली केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली आणि सहा राज्यांत तशाच संस्था निघाल्या. महाराष्ट्राची संस्था म्हणजे पुण्याची बालचित्रवाणी, स्थापना १९८४. त्यांचे कार्यक्रम दोन गटांसाठी: ५ ते ८ आणि ९ ते ११. ज्यांचं आजोळ सावंतवाडी-कोल्हापूरकडे, त्यांच्या कानात ती सुरुवातीची धून अजून असेल. प्रयोग, लोककथा, गाणी, किल्ल्यांच्या सफरी, सगळं मराठीत आणि मराठी मुलांना घेऊन. केंद्राचा पैसा थांबल्यावर संस्थेची ओढाताण झाली आणि २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. मराठी मुलांसाठी काम करणारी, साधनं आणि अनुभव असलेली माणसं एका छपराखाली होती. ती मोडू देणं मला आजही पटत नाही. इतका अनुभव पुन्हा जमवायला पिढी जाते.

मग गोव्यात काय होतं?

वरचे आकडे पुन्हा बघा. ‘साइट’च्या सहा राज्यांत गोवा नव्हता. बालचित्रवाणीसारख्या संस्था निघाल्या त्या सहा राज्यांतही नव्हता. १९८४ मध्ये आपण केंद्रशासित प्रदेश होतो, घटक राज्य झालो ३० मे १९८७ ला. म्हणजे देशात शैक्षणिक टीव्हीची पायाभरणी झाली तेव्हा गोव्याच्या वाट्याला दुसऱ्यांसाठी बनवलेलं आलं.

आणि दुसरी गोष्ट, जी फक्त गोव्याची नाही. ‘साइट’ ५ वर्षांपासून, बालचित्रवाणी ५ वर्षांपासून. बालवाडीतलं तीन-चार वर्षांचं मूल या सगळ्यात कुठेच नाही. आपल्याकडे शिक्षण म्हणजे पहिलीपासून, असंच सरकारचं आणि समाजाचं गणित होतं. अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तिचा जोरही आधी पोषण आणि लसीकरणावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला तेव्हा कुठे या वयाला कागदावर जागा मिळाली.

‘गली गली सिम सिम’ म्हणजे तेच ‘सेसमी स्ट्रीट’ का?

त्याच घराण्यातलं, पण भारतात घडवलेलं. बाहेरच्या देशांनी नुसतं भाषांतर करू नये, स्वतःच्या मुलांसाठी नव्याने बनवावं, ही रीत आधीपासून होती. मेक्सिकोत आणि ब्राझीलमध्ये १९७२ ला, जर्मनीत १९७३ ला अशी आवृत्ती निघाली. दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये कामी नावाची एचआयव्ही असलेली बाहुली आणली, कारण तिथल्या मुलांच्या घराघरांत तो प्रश्न होता.

आपल्याकडे ऑगस्ट २००६ मध्ये कार्टून नेटवर्क आणि पोगोवर सुरुवात झाली, पुढे दूरदर्शनवरही आलं. शाळेच्या गणवेशातली पाच वर्षांची चमकी, बूंबा नावाचा सिंह, गुगली, आणि शिंक आली की गोष्टीत पोचणारी आंछू. मुख्य पात्र मुलगी, तीही शाळेत जाणारी आणि सतत प्रश्न विचारणारी, हे ठरवून केलेलं होतं. ३ ते ६ वयासाठी विचारपूर्वक केलेलं एवढं मोठं काम भारतात मला दुसरं माहीत नाही. मूळ हिंदी मात्र. गोव्यातल्या मुलाला हिंदी कळायला लागते ती बहुतेक टीव्हीमुळेच, तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला शेजारी बसून थोडं सांगावं लागतं.

‘छोटा भीम’ शैक्षणिक आहे का?

नाही. तो करमणुकीचा कार्यक्रम आहे आणि करमणूक म्हणून बघायला हरकत नाही. लाडू खाऊन ताकद येते असं सांगणाऱ्या मुलाला मी वर्गात ओरडत नाही, लाडूत काय काय असतं ते विचारते.

बाळ दीड वर्षाचं आहे. आत्तापासून इंग्रजी गाणी लावली तर इंग्रजी लवकर येईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची, इंग्रजी घरातली बाळं घेतली. काही बाळांसोबत चिनी बोलणारी माणसं जमिनीवर बसून खेळली, पुस्तकं वाचली, अशा १२ बैठका झाल्या. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तीच पुस्तकं, तेवढाच वेळ टीव्हीवर दाखवली. नंतर चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता येतात का ते पाहिलं. माणसासोबत बसलेली बाळं तैवानमधल्या बाळांइतकी तरबेज निघाली. टीव्ही बघितलेली बाळं काहीच शिकली नव्हती, जणू चिनी कधी ऐकलीच नाही.

आवाज तोच, चेहरा तोच. मग फरक कशाचा? समोरचं माणूस बाळाच्या नजरेकडे बघतं, बाळ हसलं की हसतं, बाळाने बोट दाखवलं त्याच वस्तूचं नाव घेतं. पडदा हे करत नाही. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत मुलं पडद्यावरून फार कमी शिकतात, हे नंतर इतर अभ्यासांतही दिसलं. बाळांना हुशार करणाऱ्या सीडींची १९९७ नंतर जगभर लाट आली होती. त्यांपैकी सर्वांत गाजलेल्या ‘बेबी आइन्स्टाइन’च्या मालकांना २००९ मध्ये ग्राहकांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली.

घरात पणजी असेल तर तिच्या मांडीवर बसवा. ती कोकणीत बोलू दे, मराठीत ओवी म्हणू दे. बाळाचं इंग्रजी त्यामुळे अडत नाही.

किती वेळ बघू द्यावं?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेलं सोपं आहे: दोन वर्षांखाली पडदा नको (दूर असलेल्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल). दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. बाबा बोटीवर किंवा आखातात असलेल्या घरांना व्हिडिओ कॉलची ही सूट महत्त्वाची. तो वेळ मोजत बसू नका.

मुलगा खेळत असतो आणि टीव्हीही चालू असतो. त्याचं लक्ष नसतंच, मग काय बिघडतं?

लक्ष असतं, तुम्हाला दिसतं त्यापेक्षा जास्त. डॅनियल अँडरसन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९७९ मध्ये पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला नुसता टीव्ही, दुसऱ्याला टीव्ही आणि भरपूर खेळणी. खेळणीवाल्या मुलांनी जवळजवळ निम्माच वेळ पडद्याकडे बघितलं, तरी कार्यक्रम दोन्ही गटांना सारखाच समजला होता. आवाजाचा अंदाज घेत, आपल्या कामाचं वाटलं की ती मान वर करत होती. चार-पाच वर्षांचं मूल हपापल्यासारखं काहीही बघतं हा समज चुकीचा आहे. त्याला कळेल ते ते बघतं.

बिघडतं ते दुसरीकडे. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर मोठ्यांच्या मालिका लागतात आणि मूल तिथेच गाड्या फिरवत असतं. मालिका मुलाला समजत नाही, पण मोठ्यांचं मुलाशी बोलणं कमी होतं आणि त्याचा खेळ मध्येच तुटत राहतो. मागे नुसता चालू असलेला टीव्ही लहानांच्या खेळाला बाधतो, हे याच अँडरसन यांच्या गटाने पुढे दाखवलं. कोणी बघत नसेल तर बंद करा.

मुलगी तोच भाग रोज बघते. कंटाळत कशी नाही? बदलू का?

बदलू नका. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘ब्लूज क्लूज’ सुरू झाला तेव्हा त्यांनी एकच भाग आठवडाभर, सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला. प्रौढांना हा वेडेपणा वाटला. मुलं पहिल्या दिवशी गोंधळलेली, तिसऱ्या दिवशी उत्तर ओरडून सांगणारी आणि पाचव्या दिवशी तर निवेदकाच्या आधी उत्तर देणारी. निवेदक प्रश्न विचारून बराच वेळ गप्प राहायचा, हॉरविच बाईंसारखा. बीबीसीच्या १९९७ च्या ‘टेलिटबीज’मध्येही तीच चित्रफीत लगेच दुसऱ्यांदा दाखवत. मोठ्यांनी टिंगल केली, लहानांनी नाही. रोज तीच काणी (गोष्ट) मागणारं मूल आजीने कधी नवलाचं मानलं नाही.

घरी कोकणी, बालवाडीत मराठी, टीव्हीवर हिंदी, मोबाईलवर इंग्रजी. पोर गोंधळणार नाही का?

गोंधळत नाही. गोव्यातली मुलं पिढ्यान् पिढ्या दोन-तीन भाषांत वाढली आहेत. शब्दांची सरमिसळ काही महिने होते आणि सुटते. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. पडद्यावरच्या भाषेत मूल ऐकतं, पण बोलायला कोणी नसतं. वर्गात अशी मुलं येतात, ज्यांना रंगांची इंग्रजी नावं पाठ असतात आणि ‘माझी पेन्सिल त्याने घेतली’ हे कुठल्याच भाषेत सांगता येत नाही. ती नुसती रडतात.

यावरचा उपाय कार्यक्रम बघतानाच करता येतो. पडद्यावर सफरचंदं मोजली तर ती थांबवून स्वयंपाकघरात चला आणि कांदे मोजा, आपल्या भाषेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधताना मुलाला खाली उभं करा. नारळ किती, सुपारीचं शिपटं (घड) कुठल्या टोकाला, फळांत तोरिंग मोठं की कांगलां, हिरवं काय आणि तांबडं काय. आकार, रंग, मोजणी, वर-खाली, सगळा अभ्यासक्रम त्या चौकटीला टांगलेला असतो. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने माटोळीचं चित्र काढताना फळं मोजून अकरा काढली, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला, बारावं बाबांच्या हातात आहे, अजून बांधायचंय.

चांगला कार्यक्रम ओळखायचा कसा?

पहिली पाच मिनिटं तुम्ही स्वतः बघा. प्रश्न विचारून थांबतात का? एका वेळी एकच गोष्ट दाखवतात का? दर दोन सेकंदांनी चित्र बदलत असेल आणि आवाज सतत चढलेला असेल, तर तो मुलाला बसवून ठेवण्यासाठी केलेला आहे. यूट्यूबवरच्या बालगीतांच्या वाहिन्यांत दोन्ही प्रकार सापडतात. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय मात्र आधी बंद करा. टीव्हीचा जुना कार्यक्रम संपायचा, मूल उठायचं. ही न संपणारी रांग आता आली.

सगळ्यात खात्रीची खूण नंतर दिसते. बंद केल्यावर मूल त्यातलं काही खेळतं का, विचारतं का, घरात कुणाला सांगतं का. दुसरी-तिसरी वेळ झाली तरी काहीच बाहेर येत नसेल, तर तो कार्यक्रम सोडा.

मराठीत बघायचं असेल तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ईटीव्ही बाल भारत’च्या भाषांत मराठी आहे. ती वाहिनी सगळ्या लहान मुलांसाठी आहे, निव्वळ बालवाडीसाठी नाही, म्हणून निवड तुम्हालाच करावी लागेल.

कोविडच्या काळात टीव्हीचा उपयोग झाला का?

व्हायला हवा होता त्यापेक्षा कमी. मे २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’ जाहीर झालं, पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी. बालवाडी पुन्हा बाहेरच. सांगे-सत्तरीतल्या काही गावांत मोठी मुलं नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसत होती आणि घरातला टीव्ही, ज्याला नेटवर्क लागत नाही, तो मालिका दाखवत होता. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी रोज अर्धा तास कोकणी-मराठीत कोणी गाणी, गोष्टी, बोटांचे खेळ दाखवले असते, तर त्या दोन वर्षांत किती घरांना आधार झाला असता.

बालवाडीत टीव्ही लावावा का?

मोठा संच घेण्याआधी बाईंना विचारा की त्यावर काय, कधी आणि किती वेळ दाखवणार. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या त्या शंख, बिया, पानं, काड्या घेऊन. ते सगळं गोव्यात अंगणात पडलेलं आहे.

आमच्याकडे टीव्ही आहे आणि आम्ही आठवड्यातून एकदा, दहा-बारा मिनिटं लावतो. जे अंगणात दाखवता येत नाही तेवढ्यासाठीच: बर्फ पडताना, अंड्यातून पिल्लू बाहेर येताना, रेल्वे बोगद्यात शिरताना. मध्ये दोनदा थांबवतो आणि आता काय होईल ते विचारतो. बंद केल्यावर मुलांना रंग आणि माती देतो. पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत त्या दिवशी काय पाहिलं ते एका ओळीत लिहितो, म्हणजे रात्री जेवताना तुम्हाला विचारता येतं.